शिंपल्याची वाढ आणि भांडवलाचा हिशेब

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. तरीही येथील पैसा कोकणात जातो, ही गोष्ट जुनी आहे. कराडहून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि मिरजेहून कोल्हापूरमार्गे आंबा घाट उतरला की रत्नागिरी. आमच्या कापडाच्या गाठींना हे दोन्ही रस्ते पाठ आहेत. खाली आपले सोयरे आहेत, गिऱ्हाईक आहेत, उधारी आहे. त्यामुळे खाली एखादा नवा धंदा निघाला की भागीदारीची विचारणा घाटावर येतेच. हल्ली ही विचारणा खाडीतील हिरव्या शिंपल्यांच्या शेतीसाठी होऊ लागली आहे. सांगणारा माणूस एकच वाक्य सांगतो : एक किलो बी लावा, सहा महिन्यांत दहा किलो माल काढा.

हे वाक्य खोटे नाही. केरळमध्ये हजारो दोरांवर ते खरे झालेले आहे. परंतु ते कोणत्या अटींवर खरे होते आणि कोणत्या अटींवर निम्म्यावर येते, हे पैसे घालण्यापूर्वी कागदावर काढता येते. शास्त्रज्ञ याला वाढीचे गणिती प्रतिरूप म्हणतात. आम्ही त्याला वाढीची खतावणी म्हणू. ती मांडायला त्रैराशिक येणारा कोणीही व्यापारी पुरेसा आहे.

प्रथम वस्तू कोणती ते स्पष्ट करू. तिसऱ्या वेगळ्या, कालवे वेगळी. येथे बोलायचे आहे ते मालवणकडे ज्यांना शिनाणे म्हणतात त्या लांबट, हिरव्या कडेच्या शिंपल्यांविषयी. खडकाला धाग्यांनी चिकटून राहतात, पाणी आत घेतात, त्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून खातात आणि पाणी सोडून देतात. त्यांना खाद्य विकत आणून घालावे लागत नाही, हाच या धंद्याचा मोठा आकर्षक भाग. कोंबडीला खाद्य, कोळंबीला खाद्य, येथे काही नाही. पण ज्याचे खाद्य आपण घालत नाही, त्याचे खाद्य आपल्या हातात नाही, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू.

लागवडीची रीत आम्हा कापडवाल्यांना विशेष गमतीची वाटेल. पावसाळा संपल्यावर खडकावरून दोन-अडीच सेंटिमीटर लांबीची पिले, म्हणजे बी, गोळा करतात. बोटभर जाडीच्या नायलॉनच्या दोराभोवती मीटरला एक ते दीड किलो बी पसरून त्यावर जुन्या मच्छरदाणीसारखे विरळ सुती कापड गुंडाळून शिवतात. मग हे दोर खाडीत बांबूच्या मांडवाला किंवा समुद्रात तराफ्याला टांगतात. दोन-तीन दिवसांत कापड पाण्यात कुजून गळून पडते, आणि तेवढ्या वेळात शिंपल्यांनी आपले धागे सोडून दोर पकडलेला असतो. आमच्या साऱ्या आयुष्यात गिऱ्हाईक कापड टिकेल का असे विचारत आले. येथे कापड वेळेवर सडेल का, असा प्रश्न आहे! कापड लवकर सडले तर बी तळाला, आणि कृत्रिम धाग्याचे न सडणारे घेतले तर शिंपल्यांना बाहेर वाढायला वाटच नाही. म्हणून सुतीच हवे. (या धाग्यांवरून आठवले. भूमध्य समुद्रातील एका मोठ्या शिंपल्याच्या धाग्यांपासून पूर्वी खरोखर कापड विणत. अरबीत त्याला ‘सूफ अल-बहर’, म्हणजे समुद्राची लोकर, म्हणत असत.)

आपल्या किनाऱ्यावर हे काम नवे नाही. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. सय्यद जहूर कासिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तराफ्यावरील दोरांवर हिरवा शिंपला वाढवून त्याचे निष्कर्ष १९७७ साली प्रसिद्ध केले. डॉ. कासिम हे अलाहाबादकडचे, अलीगढचे विद्यार्थी. पुढे १९८१-८२ मध्ये अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय मोहिमेचे ते नेते झाले आणि नंतर दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे कुलगुरू. आपल्या मुलांना त्यांचे नाव क्वचितच ठाऊक असते, म्हणून येथे मुद्दाम लिहिले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केरळात हीच रीत खाडीत आणली, आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कासरगोड जिल्ह्यातील पडन्ना, चेरुवत्तूर या भागांत बायकांच्या गटांनी ती उचलली. काही टनांपासून सुरू झालेले हे उत्पादन पुढे हजारो टनांवर गेले. आपल्याकडे २०१० नंतरच्या दशकात सिंधुदुर्गात महिला बचत गटांनी कालवे आणि शिनाणे यांची शेती केली. २०१७ साली राज्य सरकारने कांदळवनाजवळच्या गावांसाठी उपजीविकेची योजना आणली, तीतही शिंपल्यांना जागा मिळाली. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य ठेवण्यात आले. तेव्हा धंदा खरा आहे, त्यामागे विद्या आहे. प्रश्न फक्त आकड्यांचा आहे.

वाढीचा नियम

ऑस्ट्रियात जन्मलेल्या लुडविग फॉन बर्टालान्फी या जीवशास्त्रज्ञाने १९३८ साली प्राण्यांच्या वाढीचे एक सूत्र मांडले. मासे मोजणारे लोक आजही ते वापरतात. सूत्र पाहून घाबरण्याचे कारण नाही, साध्या भाषेत ते असे आहे. प्रत्येक जातीला, त्या पाण्यात, लांबीची एक कमाल मर्यादा असते. शिंपला आज त्या मर्यादेला जितका कमी आहे, त्या तुटीचा एक ठराविक हिस्सा तो दर महिन्याला भरून काढतो. तूट मोठी तेव्हा वाढ मोठी. तूट कमी होत गेली की वाढही मंदावते.

उदाहरण घेऊ. आकडे धड्यापुरते आहेत, पण खऱ्या अनुभवाच्या जवळचे आहेत. कमाल लांबी १२५ मिलिमीटर धरा, बी २५ मिलिमीटरचे, आणि महिन्याला तुटीचे १५ टक्के भरतात असे धरा. आज तूट १०० आहे. पहिल्या महिन्यात १५ भरले, लांबी ४० झाली. तूट उरली ८५, तिचे १५ टक्के म्हणजे पावणेतेरा, लांबी ५२.७५. तिसऱ्या महिन्याअखेर साधारण ६४, चौथ्याला ७३, पाचव्याला ८१, सहाव्याला ८७. म्हणजे पहिल्या महिन्यात १५ मिलिमीटर आणि सहाव्यात जेमतेम ७. केरळच्या दोरांवर पाच महिन्यांत ८० मिलिमीटरच्या आसपास शिंपला मिळतो आणि त्याचे वजन ३५ ते ४० ग्रॅम भरते, त्याच्याशी हा हिशेब जुळतो.

परंतु बाजारात आपण लांबी विकत नाही, वजन विकतो. कापड मीटरवर जाते, शिंपला किलोवर. आणि वजन लांबीच्या घनाने वाढते. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होते, कारण शिंपला लांबीबरोबर रुंदीला आणि जाडीलाही वाढतो. आपल्या उदाहरणात २५ चा शिंपला ८१ चा झाला, म्हणजे लांबी सव्वातीन पट, आणि वजन जवळजवळ ३३ पट! आता लांबी मंदावली असे वाटणाऱ्या पाचव्या महिन्याकडे पाहा. ७३ वरून ८१ ही वाढ थोडी दिसते, पण त्या एका महिन्यात वजन ३५ टक्क्यांहून अधिक वाढते. सहाव्या महिन्यातही २७ टक्के. शेवटचे महिने लांबीला कंजूष आणि वजनाला उदार असतात. ऊस तोडायला आला असता आणखी महिनाभर थांबावे की कारखान्याची टोळी आली आहे तर तोडून टाकावा, हा कराड-वाळव्याच्या शेतकऱ्याचा पेच येथेही आहे.

येथेच तारीख महत्त्वाची ठरते. कोकणात जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास पाऊस उतरतो, आणि रत्नागिरीला तो वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. खाडीचे पाणी पाहता पाहता गोडे होते. शिंपल्याला खारे पाणीच मानवते. म्हणून माल मे संपण्यापूर्वी बाहेर निघालाच पाहिजे. दोर १ डिसेंबरला लावला तर १ मे रोजी पाच महिने पुरे होतात आणि ८१ मिलिमीटरचा माल हाती येतो. वर थोडा अवकाशही राहतो. पण बी मिळाले नाही, बांबू आले नाहीत, परवानगी अडली, मजूर ईदला गावी गेले, अशा कारणांनी दोर १ जानेवारीला लागला, तर १ मे रोजी चारच महिने झालेले असतात. लांबी ७३, वजन एक चतुर्थांशाहून अधिक कमी. एका महिन्याच्या उशिराने चार आणे गेले, आणि ते भाव पडल्यामुळे नव्हे, रोग आल्यामुळेही नव्हे, तर केवळ कॅलेंडरमुळे. हे चार आणे मे महिन्यात थांबून मिळवू म्हणणारा माणूस भागीदारांच्या पैशाने पावसाशी जुगार खेळत असतो.

हजारातले तीनशे

आता मूळ दाव्याकडे या. एका शिंपल्याचे वजन ३३ पट होते, तर एका किलोचे ३३ किलो का होत नाहीत? दहाच का सांगतात? ज्याने हा प्रश्न विचारला त्याला अर्धा धंदा समजला.

सव्वा किलो बी घ्या. ४० ग्रॅमचा तयार शिंपला ३३ ने भागला तर बी सव्वा ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे मीटरभर दोरावर सुमारे एक हजार पिले लागली. काढणीला मीटरला १२ किलो माल मिळाला, तर ४० ग्रॅमच्या हिशेबाने तो तीनशे शिंपल्यांचा झाला. हजारातले तीनशे उरले. सातशे गेले कोठे? काही कापड सडताना सुटले. काही मासे आणि खेकडे यांनी खाल्ले. काही गुच्छच्या गुच्छ वजनाने घसरून तळाला गेले. काही आतल्या थरात दबून मेले. म्हणजे चांगल्या दोराचा हा हिशेब आहे, वाईट दोराचा नव्हे! जाहिरात करणारा मनुष्य वाढ सांगतो, जगणे सांगत नाही. आणि भाव, वाढ, जगणे या तिघांची बेरीज होत नसते, गुणाकार होतो.

समजा भाव किलोला १०० रुपये धरला, केवळ हिशेबाला सोपा म्हणून. मीटरला १२ किलो म्हणजे १,२०० रुपये. आता दोर एक महिना उशिरा लागला, आणि तीनशेऐवजी दोनशे शिंपले जगले. वाढीत चार आणे गेले, जगण्यात एक तृतीयांश. माल उरला सहा किलोच्या आत, रुपये सहाशेही नाहीत. दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनी मिळून निम्मा माल नेला. दोर, बांबू, बी, मजुरी आणि राखण मिळून मीटरला सहाशे खर्च झाला असेल, तर नफा शून्य आणि सहा महिने फुकट.

वाढीचा हिस्सा कोण ठरवतो

महिन्याला तुटीचे १५ टक्के, असे आम्ही वर धरले. तो आकडा देवाघरून कायमचा ठरून आलेला नाही. पाण्याची ऊब, त्यातील खाद्य आणि खारेपणा यांवर तो वर-खाली होतो. या तिन्ही गोष्टी हिशेबात घेणारी प्रतिरूपे पुढे तयार झाली. नेदरलँड्समधील बास कोयमन यांनी १९७९ पासून प्राण्याच्या ऊर्जेच्या जमाखर्चाचा सिद्धांत विकसित केला, आणि युरोपातील शिंपल्यांच्या शेतीत त्याचा चांगला उपयोग झाला आहे. हा सिद्धांत दुकानदाराला शास्त्रज्ञापेक्षा लवकर समजेल असे आम्हाला वाटते.

शिंपला हे एक दुकान समजा. पाण्यातून गाळून घेतलेले खाद्य ही आवक. गाळ फार असेल तर तो न गिळता बाहेर टाकतो, हा परत पाठवलेला खराब माल, पण तो निवडण्याची मजुरी मात्र पडतेच. जिवंत राहण्यासाठी रोज जी ऊर्जा लागते ते भाडे, वीज आणि नोकरांचा पगार. हे सर्व भागून जे उरते त्यातूनच दुकानात माल वाढतो, म्हणजे शरीर वाढते. आणि वयात आल्यावर अंडी-बीज सोडण्याचा काळ आला की लग्नकार्यासारखा एकरकमी खर्च. त्या वेळी कवच तेवढेच राहते आणि आतील मांस मात्र बारीक होते. म्हणून लांबी पाहून माल घेणारा फसू शकतो. शिंपला उकडून आत किती मांस आहे हे पाहिल्याशिवाय जाणता व्यापारी भाव बोलत नाही.

आता पाणी एकदम गोडे झाले तर काय होते? शिंपला कवच घट्ट मिटून बसतो. दुकान बंद. आवक बंद, पण भाडे चालूच. काही दिवस तो साठ्यावर काढतो, मग मरतो. नुसती वाढ थांबत नाही, आधीची कमाईही खर्च होते.

खारेपणाच्या बाबतीत साताऱ्याचा थेट संबंध येतो, आणि तो फार थोड्यांच्या लक्षात आहे. कोयनेचे पाणी वीज तयार करून पश्चिमेकडे पोफळी, कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठी नदीत जाते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला मिळते. कृष्णा पाणीवाटप लवादाने या पश्चिमेकडील वळणासाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी धरले होते. कोकणातल्या इतर नद्या एप्रिल-मे मध्ये कोरड्या पडतात, तेव्हा वाशिष्ठीला आपल्या जिल्ह्याचे गोडे पाणी असते. चिपळूणकरांना ती बरकत आहे, पण शिंपल्याला नाही. इतर खाड्यांचा अनुभव वाशिष्ठीला जसाच्या तसा लावता येणार नाही. येथे जागा मुखाच्या बाजूला, जेथे भरती रोज ताजे खारे पाणी आणते, तेथेच पाहावी लागते. विजेची मागणी वाढली की पाणी जास्त सुटते, तेव्हा खारेपणाही एकसारखा राहत नाही. म्हणून ‘खाडी आहे, मांडव घाला’ एवढ्यावर कोणी पैसे मागत असेल, तर त्याला भरती-ओहोटीच्या दोन्ही वेळी, निदान तीन महिने मोजलेला खारेपणा मागावा. हजार भाग पाण्यात २७ ते ३५ भाग मीठ, हे शिंपल्याचे सुखाचे माप. ते मोजण्याचे हातात मावणारे दुर्बिणीसारखे यंत्र मिळते, आणि ते दोराच्या खर्चापुढे काहीच महाग नाही.

खाद्याची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. पाण्यातील हरितद्रव्य मोजून खाद्य किती आहे याचा अंदाज करतात. मोकळ्या समुद्राचे हे माप उपग्रहावरूनही घेता येते, आणि हैदराबादची सागरी माहिती सेवा संस्था मच्छीमारांना माशांच्या जागा सांगते ती याच मापाच्या आणि पाण्याच्या तापमानाच्या आधारे. पण खाद्य नुसते असून भागत नाही, ते वाहत दोरापर्यंत आले पाहिजे. म्हैसाळच्या कालव्यावर शेवटच्या टोकाला ज्यांची शेती आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. वरचे लोक पाणी घेतात, टोकाला चिखल येतो. खाडीतही असेच घडते. प्रवाहाच्या तोंडाशी असलेले दोर पोटभर खातात, मधले अर्धपोटी, मागचे उपाशी. एका मांडवाचे दहा मांडव केले की माल दहापट होतो असे नाही. कधी आठपट, कधी पाचपट, आणि एका मर्यादेपलीकडे नवा मांडव घातला तर सर्वांचाच एकूण माल घटतो. या मर्यादेला पाण्याची धारणक्षमता म्हणतात. फ्रान्समध्ये मारेन-ओलेरों या खाडीत कालवांची अशी गर्दी झाली की तीच कालवे बाजाराच्या मापाला यायला पूर्वीपेक्षा बराच अधिक काळ लागू लागला. एका गल्लीत कापडाची चाळीस दुकाने झाली तर गिऱ्हाईक चाळीसपट होत नाही, हे आम्ही रोजच पाहतो.

म्हणून पहिल्या वर्षी दोन गटांना मिळालेला उत्तम माल हा पाचव्या वर्षी वीस गटांना मिळणाऱ्या मालाचा पुरावा नाही. भागीदारीचे पत्रक छापणारा मात्र नेमका पहिल्या वर्षाचाच आकडा छापतो.

हमी आणि भागीदारी

आपल्या भागाने हा धडा एकदा महाग किमतीला घेतला आहे. २०१९ साली वाळवा तालुक्यातून कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण बाहेर आले. पिले द्यायची, अंडी आणि कोंबड्या ठराविक भावाने परत घ्यायच्या, असे वचन होते. अनेक शेतकऱ्यांचे पैसे त्यात अडकले. कोंबडीची वाढ कोणाला ठाऊक नव्हती असे नव्हे. परत घेतलेला माल शेवटी खाणार कोण, याचा हिशेब कोणी मागितला नाही. आज शेततळ्यात गोड्या पाण्याच्या शिंपल्यांपासून मोती काढण्याच्या योजना अशाच परत-खरेदीच्या वचनासह फिरतात. त्या शिंपल्याची जात वेगळी, शस्त्रक्रिया वेगळी, काळ वेगळा, त्याला वरील हिशेब लावू नये. पण मागणीचा प्रश्न मात्र तोच विचारावा.

आता शरीअतच्या बाजूने पाहू. सहा महिन्यांत पैसे दीडपट, नक्की, लेखी, असे जेथे सांगितले जाते तेथे भागीदारी नाही, ते कर्ज आहे आणि वरचा पैसा व्याज आहे. मुदारबामध्ये एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफ्याचा हिस्सा आधी ठरतो, नफ्याची रक्कम ठरत नाही. तोटा झाला तर तो भांडवलाचा, आणि मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया. शिंपल्याची वाढ ऊब, खारेपणा आणि प्रवाह यांवर अवलंबून आहे हे एकदा समजले की हमी देणारा एकतर अज्ञानी आहे किंवा दुसऱ्याच्या पैशातून हमी पुरी करणार आहे, हे उघड होते.

काही जण म्हणतात, आम्ही माल आगाऊ विकत घेतो, म्हणजे सलमचा सौदा. सलम जायज आहे, पण त्यात माप, वजन, प्रत आणि मुदत ठरलेली असावी लागते. शिवाय फिकहच्या किताबांत एक बारीक अट आहे : अमुक एका झाडाच्या किंवा अमुक एका शेताच्याच पिकावर सलम करता येत नाही, कारण ते पीक आलेच नाही तर? याच न्यायाने ‘या मांडवाच्या दोरांवरचा माल’ असे लिहून आगाऊ पैसे घेणे संशयास्पद ठरते. शेकडो वर्षांपूर्वीच्या फकिहांनी जी शंका घेतली, तीच आजचे गणित हजारातल्या तीनशेच्या रूपाने दाखवते.

आणि एक मसला आमच्याकडचा खास. कोकणातील आणि मलबारातील मुसलमान बहुतांशी शाफई आहेत. त्यांच्याकडे शिंपले खाल्ले जातात. मलबारात तर शिंपल्यात तांदळाचे सारण भरून, उकडून, तळून केलेला अरिक्कडुक्का हा घरोघरचा पदार्थ आहे. सातारा-सांगलीकडे बहुसंख्य हनफी. हनफी मसलकात पाण्यातील प्राण्यांपैकी मासळीच हलाल मानली जाते, शिंपला तीत येत नाही. म्हणजे जो माल आपल्या ताटात नाही त्यात आपले भांडवल घालायचे. खाण्याचा आणि विकण्याचा मसला एकच नाही, तेव्हा याचा निर्णय आम्ही देणार नाही. ज्याला पैसे घालायचे आहेत त्याने आपल्या मुफ्तीसाहेबांना आधी विचारावे, नंतर नव्हे. धंद्याच्या बाजूने एवढेच सांगू की या मालाचा बाजार घाटाखाली, गोव्यात आणि मुंबईत आहे, आणि जिवंत शिंपला फार थांबत नाही. काढल्यावर स्वच्छ खाऱ्या पाण्यात दिवसभर ठेवून त्याच्या पोटातील घाण निघू द्यावी लागते, कारण जो पाणी गाळून खातो तो पाण्यातील रोगजंतूही साठवतो. ही सोय नसलेला माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

मोजायचे कसे

ज्याने विचारपूस करून पैसे घातले, त्याने भागीदाराकडून दर महिन्याचे मोजमाप मागावे. तोंडाशी, मध्ये आणि मागे अशा तीन जागांचे दोर निवडायचे, प्रत्येकावरून पन्नासेक शिंपले काढून लांबी मोजायची, सरासरी लिहायची, मीटरभर दोरावर किती जिवंत आहेत ते मोजायचे आणि दोर परत सोडायचा. तीन महिन्यांच्या तीन नोंदी झाल्या की पुढचा हिशेब घरी बसून मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरवर होतो.

रीत अशी. १ डिसेंबरला २५, १ जानेवारीला ४०, १ फेब्रुवारीला ५२.७५. पहिली वाढ १५, दुसरी १२.७५. दुसरीला पहिलीने भागा, ०.८५ आले. म्हणजे दर महिन्याची वाढ आधीच्या महिन्याच्या ८५ टक्के, तुटीचा हिस्सा १५ टक्के. पहिली वाढ १५ ही ०.१५ ने भागली की १०० आले, त्यात २५ मिळवले की १२५ ही कमाल लांबी. मोजण्यात दोन मिलिमीटरची चूक झाली तरी उत्तर बरेच हलते, म्हणून पाच-दहा शिंपल्यांवर भागवू नये, आणि मार्चची नोंद आली की हिशेब पुन्हा करावा.

आता दुसरा दोर घ्या. १ डिसेंबरला २५, जानेवारीत ३५, फेब्रुवारीत ४३.५. भागाकार येथेही ०.८५, पण कमाल लांबी येते ९२ च्या आत. या पाण्यात खाद्य कमी आहे. हा शिंपला १ मे रोजी ६२ मिलिमीटरचा असेल, आणि घनाचा हिशेब केला तर वजन पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी, ४० ग्रॅमच्या ठिकाणी १८. फेब्रुवारीत दोन्ही दोरांत फरक होता तो एका सेंटिमीटरपेक्षाही कमी, डोळ्यांना न दिसणारा. मे महिन्यात तो अर्ध्याहून अधिक मालाचा होतो. गिऱ्हाइकाशी भावाची आणि टनाची बोलणी फेब्रुवारीच्या या मोजणीनंतरच करावीत, आणि त्याच मोजणीच्या दिवशी मागच्या बाजूचे दोर तोंडाशी हलवायचे की विरळ करायचे, हेही भागीदाराबरोबर ठरवून टाकावे. त्यासाठी तेव्हा अजून तीन महिने हाती असतात.